हुद्दा : आचारी

त्या दिवशीही ती नेहमीसारखी साडेसहाला कामावर गेली. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात चादरींची खोली आहे. धुऊन, इस्त्री होऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, मजल्याप्रमाणे गठ्ठे बांधून खिडकीतून द्यायचे, हे तिचं अठरा वर्षांचं काम. चादर मोठी असते, एकटीच्याने घडी होत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन जोडीदारणीच्या हातात. जोडीदारीण बोलघेवडी, तोंडाची टकळी दिवसभर चालू. ताई मात्र गेलं वर्षभर हूं की चूं करत नव्हती.

"ताई, आज परत त्या नोंदणी कचेरीत?" जोडीदारणीने विचारलं.

"हो. अर्धी सुटी टाकलीय."

"कितवी खेप गं ही?"

"मोजायचं सोडून दिलं."

"अगं, एवढ्या चकरांत तर तुलाच एखादं पदक मिळायला हवं होतं!"

ताईला हसू आलं नाही. तिने टोकाला टोक जुळवलं, घडी घातली आणि पुढची चादर उचलली.

काय झालं होतं, ते आधी सांगायला हवं. ताईचे वडील, अप्पा, पलटणीत आचारी होते. बावीस वर्षं भटारखाना सांभाळून घरी आले. गावच्या माजी सैनिक मंडळात सगळे त्यांना मामा म्हणत. पण ते मामा म्हणजे आईच्या भावाला म्हणतात ते नव्हे. चहा मागवायचा असला की ज्याला हाक मारतात, ते मामा! दर वर्षी स्मरणदिनाला मंडळाचा मेळावा भरे. पदकवाले पुढच्या खुर्च्यांवर, बाकीचे मागे आणि अप्पा चुलीपाशी. सैन्यातून सुटून तीस वर्षं झाली तरी मेळाव्याचा चहा त्यांनीच करायचा, ही मंडळाची रीत. कुणी ठरवलेली नाही, म्हणून कुणी मोडलेलीही नाही. अप्पांच्या कोटावर मात्र पदक असे, खरंखुरं शौर्यपदक. ते लावूनच ते चहा गाळत.

मागच्या वर्षी मंडळाला नवा चिटणीस आला. मोठा काटेकोर माणूस. त्याने पदकवाल्यांची यादी कचेरीच्या नोंदींशी ताडून पाहिली. अप्पांच्या नावापुढे पदकाची नोंदच नव्हती. मेळाव्याच्या दिवशी तो अप्पांपाशी आला, गोड बोलला, "मामा, राग मानू नका हं, नियम आहे," आणि पंचेचाळीस माणसांदेखत त्याने ते पदक त्यांच्या कोटावरून काढून पाकिटात टाकलं. नोंद सापडेपर्यंत मंडळाकडे जमा! पुढच्या रांगेत बसलेले, अप्पांच्याच पलटणीतले कॅप्टनसाहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले. अप्पा वळले आणि चहाला आधण ठेवलं.

ताई त्यांना न्यायला आली होती, तिने हे दारातून पाहिलं. तेव्हापासून तिच्या आत काहीतरी बधिर होऊन बसलं होतं. रडू येत नव्हतं, रागही धड येत नव्हता. पदकाची नोंद शोधायला सैन्याच्या नोंदणी कचेरीत मुद्रांक, अर्ज, पोच, पुन्हा अर्ज. तोंडाने ती "बरं" म्हणे आणि परत येई. अप्पा घरी खुर्चीत बसून असत. दिवसातून दहादा हात धूत आणि तळहात खाली, नखं वर करून समोर धरून बघत. पलटणीत दर महिन्याला डॉक्टर तसे बघत असत. सवय गेली नव्हती.

सात महिन्यांनी कचेरीने अप्पांच्या सेवापुस्तकाची झेरॉक्स दिली. ताईने ती चादरींच्या टेबलावर पसरली. वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका माजी शिपायाचं पुस्तक तिने मुद्दाम मागून आणलं होतं. त्याचं जाडजूड आणि अप्पांचं वहीएवढं पातळ. शिपायाच्या पुस्तकात बदल्या, जखमा, पदकं, सगळ्याला वेगळी पानं. अप्पांच्या पुस्तकात रजा, कपडे आणि हात-तपासणी. पदकांचं पान छापलेलंच नव्हतं! भटारखान्याच्या माणसाला कधी पदक मिळेल, असं पुस्तक छापणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं. बावीस वर्षं अप्पांची नखं स्वच्छ होती, याची दोनशे चौसष्ट महिन्यांची नोंद होती. पदक लिहायला जागा नव्हती, म्हणून कारकुनाने कधीतरी चिठ्ठी लिहून टाचणीने लावली असणार. झेरॉक्समध्ये टाचणीच्या भोकांचे दोन काळे ठिपके तेवढे उरले होते. चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती.

"ताई, हे बघ," जोडीदारीण म्हणाली. हात-तपासणीच्या एका महिन्यापुढे 'स्वच्छ' लिहिलं नव्हतं. डॉक्टरचं बारीक अक्षर होतं : 'दोन्ही तळहात व खांदे सोललेले. कारण, टेकडीवरून जखमी वाहणे, सात खेपा. एकोणीस दिवस काम नाही.'

महिना तोच होता, ज्या टेकडीवरच्या लढाईसाठी अप्पांना पदक मिळालं तिचा. ताईने ती ओळ दोनदा वाचली. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. तिने पानावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली.

ते पान घेऊन ती कॅप्टनसाहेबांकडे गेली. टेकडीवरच्या ठाण्याचे प्रमुख त्या दिवशी तेच होते. त्यांचं घर ऐसपैस, भिंतीवर त्यांची पदकं काचेत लावलेली. त्यांनी तिला कोचावर बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं.

"मला मामांनीच खाली आणलं," ते म्हणाले. "पाचवा होतो मी. पाय गेल्यात जमा होता."

"मग साहेब, मेळाव्यात बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही."

ताईने पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. त्यांनाच ते सहन झालं नसावं. "हे बघ बाई, मी लिहून देतो ना. आत्ता देतो." त्यांनी कागद ओढला, लिहिलं, सही ठोकली. ताईने वाचलं : 'सदर शिपायाने मला खांद्यावरून सुरक्षित आणले.'

"साहेब, अप्पा शिपाई नव्हते. आचारी होते."

"असंच लिहितात गं. कचेरीत जा, ते समजावतील."

आणि आज, अर्ध्या सुटीत, कचेरीने समजावलं. नोंदणी अधिकारी मोठा अदबशीर गृहस्थ. त्याने तिला खुर्ची दिली, कागद नीट वाचले, हात-तपासणीची ओळ दोनदा वाचली.

"पुरावा चोख आहे. तुमचं काम झालं असं समजा."

ताईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "झालं?"

"फक्त एक सही." त्याने फॉर्म पुढे सरकवला. "पदक लढाऊ माणसाच्याच नावे चढतं. भटारखान्याच्या पुस्तकात चढत नाही. म्हणून आधी हुद्दा दुरुस्त करायचा. इथे पहिल्या ओळीत 'शिपाई' आम्ही लिहूनच ठेवलंय. खाली वडिलांची सही. पंधरा दिवसांत नवं पुस्तक, जाडवालं, पदकाच्या पानासकट."

"पण ते शिपाई नव्हते."

"कागदावर बाई, कागदावर! याआधी असे अकरा जण झाले. आचारी, धोबी, न्हावी, झाडूवाले. सगळ्यांनी सही केली. कुणाचं काय बिघडलं?"

काय म्हणावं या शहाणपणाला! अकरा माणसांनी जिवावर उदार होऊन काहीतरी केलं आणि अकराही शिपाई झाले. आता नोंदी चाळल्या तर आजवर एकाही आचाऱ्याने, एकाही धोब्याने धाडस केल्याचं दिसत नाही. असं हे बिनबोभाट काम कुणी दुष्टाने केलेलं नाही. खुर्ची देणाऱ्या, पाणी विचारणाऱ्या माणसांनी केलं, आणि उपकार केल्याच्या भावनेने केलं. मग उद्या तीच माणसं म्हणायला मोकळी की, या लोकांचा तो पिंडच नव्हे.

ताईच्या मनात तेव्हा यातलं काही आलं नाही, खोटं कशाला सांगू? तिच्या मनात एवढंच आलं की पंधरा दिवसांत पदक परत येईल, अप्पांच्या कोटावर लागेल, आणि हे सगळं संपेल. तिने फॉर्म पिशवीत घातला आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

अप्पा खुर्चीत होते. तिने पेन त्यांच्या हातात दिला, चष्मा नाकावर चढवला, बोटाने जागा दाखवली. अप्पा खालची जागा सोडून वरची ओळ वाचत बसले.

"हा शिपाई कोण?"

"तुम्हीच. नुसतं कागदावर, अप्पा."

अप्पांनी पेन फॉर्मवर ठेवला. वर्षभरात ते चार वाक्यं सलग बोलले नव्हते, ते आता बोलले.

"वर जाताना माझ्या खांद्यावर कावड होती. दोन बाजूंना दोन डेगा, जेवणाच्या. वरची पोरं दोन दिवसांची उपाशी. डेगा उतरवल्या, वाढलं आणि त्याच कावडीच्या दोरांनी माणूस पाठीला बांधून खाली आणला. वर जाताना डेग, खाली येताना माणूस. सात खेपा. आता मला सांग, शिपाई कावड घेऊन जातो का? मग हा तुमचा शिपाई तिथे गेला कशाला होता?"

"अप्पा, कोण विचारणारे एवढं?"

"आणि पाणक्या?"

पाणक्याबद्दल ताईने लहानपणापासून ऐकलं होतं. भटारखान्यात पाणी भरणारा, अप्पांचा जोडीदार.

"तोही होता बरोबर. दोन माणसं आणली त्याने. तिसऱ्या खेपेला वर गेला तो आलाच नाही. त्याला करतायत का शिपाई? त्याच्यासाठी कोण फॉर्म भरणार? मी पण शिपाई झालो तर तिथे भटारखान्याचं कुणी नव्हतंच असं होईल गं. तो एकटाच राहील."

"माझं काय मग?" ताई एकदम ओरडली. वर्षभराचं साचलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. "वर्षभर उंबरे झिजवले मी! अर्ध्या सुट्या टाकल्या! तुमचं पदक त्या पाकिटात पडलंय आणि तुम्ही चहा करत बसलात! एका शब्दासाठी अडून बसताय!"

अप्पांनी हात पुढे केले, नखं वर, आणि म्हणाले, "हे आचाऱ्याचे हात आहेत, पोरी. डॉक्टरने पण तसंच लिहिलंय."

ताईने फॉर्म दुमडून फळीवर ठेवला. त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्यांना जेवायला वाढलं आणि हलकेच खांद्यावर हात ठेवला. दोघांत तेवढंच झालं.

नवव्या दिवशी सकाळी अप्पा हात धुऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. ताईने हाक मारली, हलवलं, मग त्यांचे ओले हात टॉवेलने पुसले. तिच्या डोळ्यांत टिपूसही आलं नाही. दवाखान्याच्या चादरींसारखीच तिने त्या टॉवेलची टोकाला टोक जुळवून घडी घातली. पुढे काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

धाकटा भाऊ आला. तो बस चालवतो, गणवेशातच आला होता. त्याच्यामागून अकराच्या सुमाराला कॅप्टनसाहेब आले. काठी टेकत, धापा टाकत जिना चढून आले. अप्पांपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग खिशातून कागद काढला. तोच फॉर्म, नवी प्रत.

"बाई, वारस म्हणून तुझी सही चालते. मी अधिकाऱ्याशी फोनवर बोललोय. बारापर्यंत सही पोचली तर चारला सलामीची तुकडी येते. बिगूल, बंदुका, सगळं. पदक मी स्वतः घेऊन येतो. मामांना मानाने नेऊ."

सलामी! अप्पांनी दर स्मरणदिनी चुलीपाशी उभं राहून दुसऱ्यांसाठी ऐकलेला तो बिगूल. ताईच्या डोळ्यांपुढे ते दिसलंच, अगदी स्पष्ट दिसलं. आणि तिला ते हवं होतं, जीव तोडून हवं होतं.

"ताई, कर सही," भाऊ कुजबुजला. "गेलेल्या माणसाला काय कळतंय? लोकांना तरी दिसेल आपले अप्पा कोण होते ते."

"कोण होते?" ताईने विचारलं.

भावाने अप्पांच्या हातांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ताईने कॅप्टनसाहेबांच्या हातून पेन घेतला. पहिल्या ओळीतल्या 'शिपाई'वर आडवी रेघ मारली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आचारी'. मग खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"हा असा घेऊन जा, साहेब."

"अगं, हा ते घेणार नाहीत. मग माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात आहे, साहेब. 'आचाऱ्याने मला आणलं' एवढं लिहायचंय."

कॅप्टनसाहेबांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. जिना उतरतानाचा त्यांच्या काठीचा आवाज खालच्या दारापर्यंत ऐकू येत होता.

चारला कुणी आलं नाही. बिगूल वाजला नाही. शेजारीपाजारी, भावाच्या डेपोतले चारजण आणि दवाखान्यातली जोडीदारीण, एवढ्यांनी अप्पांना नेलं. शेवटी कॅप्टनसाहेब साध्या कोटात येऊन मागे उभे होते. त्यांनी कोटावर एकही पदक लावलं नव्हतं. ताईने पाहिलं, पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही, ना बरं ना वाईट.

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली. घडी घालता घालता जोडीदारीणच हमसून रडली. ताई तिचं टोक हातात धरून ती शांत व्हायची वाट बघत उभी राहिली.

फॉर्म परत आला. 'हुद्दा अमान्य' असा शिक्का. ताईने नवा फॉर्म आणला, पहिल्या ओळीत 'आचारी' लिहिलं, हात-तपासणीचं पान जोडलं, पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा सोबत तिने आणखी एक फॉर्म भरला, पाणक्याचा. हुद्दा, पाणक्या. त्याचं पूर्ण नाव तिला माहीत नव्हतं, ती जागा कोरी ठेवून पाठवला. तेही परत आले. चौथ्यांदा पाठवायच्या आधी कॅप्टनसाहेबांचं पाकीट टपालाने आलं; कोऱ्या जागेचं त्यांना कचेरीतून कळलं असावं. आत जबाब होता : 'मला पलटणीच्या आचाऱ्याने आणले. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते.' आणि खाली पाणक्याचं पूर्ण नाव. तिने ते नाव कोऱ्या जागेत भरलं आणि जबाब फॉर्मना जोडला. तेही परत आले. तेव्हा मात्र तिने सगळी हकिकत लिहून वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. आतल्या पानावर, कोपऱ्यात, अकरा ओळींत, खाली दवाखान्याच्या पत्त्यासकट छापून आलं.

त्यानंतर आठवडाभराने चादरींच्या खिडकीपाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात इस्त्रीचा कोट, कोटावर पदक, काखोटीला जाडजूड सेवापुस्तक. ताईला वाटलं, वॉर्ड चुकला असेल.

"कुणाला भेटायचंय, आजोबा?"

"त्या पत्रवाल्या ताईंना." त्याने पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. "त्या अकरांतला मी. सही केली होती मी. बारा वर्षं झाली."

ताईने हातातली चादर खाली ठेवली.

"माझी नातवंडं सगळ्यांना सांगतात, आजोबा शिपाई होते. मी घरात वस्तरा हातात घेत नाही, कुणाला कळू नये म्हणून. स्वतःची दाढी बाहेर करून घेतो!" म्हातारा हसायला गेला, पण ते जमलं नाही. "ते दुरुस्त करता येतं का, बाई? उलटं? पदक गेलं तरी चालेल."

त्याने बोलता बोलता दोन्ही हात कट्ट्यावर पुढे केले होते, नखं वर करून. त्याच्या ते ध्यानातही नव्हतं. ताई त्या हातांकडे बघत राहिली. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत.

जोडीदारणीने न सांगता खणातून कोरा फॉर्म काढून दिला. ताईने तो कट्ट्यावर सरळ केला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या ओळीवर पेन टेकवला.

"सांगा आजोबा. हुद्दा?"

"न्हावी," तो म्हणाला. मग खिडकीपुढच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "न्हावी!"

ताईने लिहिलं.